की-बोर्डच्या वरच्या रांगेतली जादा बटणं कामाला कशी लावायची

इंदूरच्या लोकमान्य नगरला आत्याकडे गेलं की चहाआधी तिच्या कॉम्प्युटरची तब्येत बघायची, असा आमचा शिरस्ता आहे. मागच्या खेपेला तिने नवा की-बोर्ड पुढे सरकवला. नेहमीच्या बटणांच्या डोक्यावर आणखी एक रांग होती: प्ले, मागचं गाणं, पुढचं गाणं, आवाज कमी, आवाज जास्त, आवाज बंद, एक पाकीट, एक घर, कॅल्क्युलेटर आणि अगदी टोकाला संगीताची खूण. "यातलं एकही मी दाबत नाही," आत्या म्हणाली. "काय उघडेल नेम नाही. आणि मला हवंय ते मात्र होत नाही."

तिला हवं होतं ते फार नव्हतं. जन्मभर गाणं शिकवलं, आता जुन्या कॅसेटवरची ध्वनिमुद्रणं हार्ड डिस्कवर घेतली आहेत, ती ऐकून बंदिशी नोटेशनसकट मराठीत टाइप करून ठेवते. काम असं चालायचं: दोन आवर्तनं ऐकायची, माउस धरून प्लेअरच्या खिडकीत जायचं, थांबवायचं, लिहायच्या खिडकीत परत यायचं, चार अक्षरं टाइप करायची, तेवढ्यात ती जागा डोक्यातून गेलेली, की पुन्हा माउस. एका बंदिशीत अख्खी दुपार जायची. हात की-बोर्डवरून न उचलता गाणं थांबवता यावं आणि पाच सेकंद मागे जाता यावं, एवढंच तिचं मागणं.

तिचा कॉम्प्युटर जुना. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, ती त्यात नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून मी तिला लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम बसवून दिली. माझ्या घरी विंडोज ११ आहे. त्यामुळे दोन्हीकडची रीत खाली देतो. कमांड मी फोनवर आत्याला सांगतो तशाच उच्चाराने लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायच्या.

बटण दाबल्यावर ते जातं कुठे

इथे थोडं थांबा, कारण बहुतेक लोक हे न बघता थेट सेटिंगमध्ये घुसतात आणि दोन तास घालवतात. दाबलेलं बटण तीन थांबे घेतं. पहिला थांबा की-बोर्डच्या आतली चिप, दुसरा ऑपरेटिंग सिस्टिम, तिसरा प्लेअर किंवा ब्राउझर. राजवाड्याहून निघालेला माणूस पलासियाला पोचला नाही, तर आधी रीगलला उतरला का ते विचारतो ना आपण, तसंच इथे. बटण कुठल्या थांब्यावर अडकलं ते कळलं की उरलेलं काम पाच मिनिटांचं.

यूएसबी की-बोर्ड अक्षरं आणि आकडे एका तक्त्यातून पाठवतो, तर प्ले, आवाज, कॅल्क्युलेटर ही मंडळी दुसऱ्या तक्त्यातून. या दुसऱ्या तक्त्याचं नाव 'कन्झ्युमर'. म्हणून कॉम्प्युटरला एकच की-बोर्ड दोन वेगवेगळ्या उपकरणांसारखा दिसतो, हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे. या कन्झ्युमर तक्त्यात प्ले-पॉजचा सोळा पायाच्या मोजणीतला क्रमांक आहे 'सी-डी'. योगायोगच असणार, पण मला दर वेळी हसू येतं.

या तक्त्याचा एक फायदा खास आपल्यासाठी आहे. आत्या इन्स्क्रिप्ट या मराठी टायपिंगच्या मांडणीत टाइप करते. व्हीएलसी प्लेअरमध्ये गाणं हळू करायला चौकटी कंसाचं उघडतं बटण असतं, पण इन्स्क्रिप्ट चालू असताना त्याच बटणावर 'ड' बसलेला असतो. म्हणजे अक्षरांवर आणि चिन्हांवर बेतलेल्या शॉर्टकटचा मराठी टाइप करताना भरवसा नाही. प्ले, आवाज, कॅल्क्युलेटर यांचं तसं नाही. भाषा इंग्रजी असो की मराठी, त्यांचा क्रमांक तोच राहतो.

पहिला थांबा: की-बोर्ड स्वतः

वरची रांग स्वतंत्र असेल तर इथे सहसा अडत नाही. पण तुमच्या की-बोर्डवर ही चित्रं एफ-१ ते एफ-१२ वरच छापलेली असतील, तर एफएन हे बटण बघा. एफएन बहुतेक की-बोर्डांत कॉम्प्युटरपर्यंत पोचतच नाही. आतली चिपच ते ऐकते आणि त्यावरून एफ-५ पाठवायचं की प्ले, ते ठरवते. म्हणून कुठल्याही सॉफ्टवेअरने एफएनची जागा बदलता येत नाही, त्यासाठी धडपडू नका. चित्रं कायमची चालू करायला बऱ्याच की-बोर्डांवर एफएन आणि एस्केप एकत्र दाबतात. काहींवर एफ-लॉक नावाचं वेगळं बटण असतं.

दोन कॉम्प्युटरना एकच की-बोर्ड लावायचा केव्हीएम स्विच मध्ये असेल, तर तो काढून की-बोर्ड थेट मागच्या यूएसबीत लावून पाहा. काही स्विच अक्षरं इमानदारीने पुढे पाठवतात आणि कन्झ्युमर तक्ता गिळून टाकतात. माझ्या एका मित्राने याच पायी चांगला की-बोर्ड बदलला आणि नव्यावरही प्ले चालेना, तेव्हा माझ्याकडे आला.

दुसरा थांबा: सिस्टिमला काय दिसतंय

लिनक्सवर यासाठी दोन हत्यारं आहेत. पहिलं एक्स-ई-व्ही. टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडून ही तीन अक्षरं टाइप करून एंटर मारलं की छोटी पांढरी खिडकी येते. तिच्यावर माउस ठेवून बटण दाबा. टर्मिनलमध्ये ओळी सरसर पळतात. त्यात 'की-कोड' शब्दापुढे आकडा आणि कंसात बटणाचं नाव असतं. प्ले दाबल्यावर १७२ आणि नावात ऑडिओ-प्ले दिसलं पाहिजे. आवाज बंदला १२१, कमीला १२२, जास्तला १२३.

एक खाच मात्र आहे. डेस्कटॉपने ते बटण आधीच स्वतःच्या कामाला बांधून ठेवलं असेल, तर एक्स-ई-व्हीला बटण दाबल्याचा पत्ताच लागत नाही, नुसत्या फोकस आला-गेला अशा ओळी दिसतात. नवखा माणूस त्यावरून 'बटण मेलं' असा निष्कर्ष काढतो. खरं तर ते जिवंत आहे आणि दुसऱ्याच्या नोकरीत आहे.

म्हणून मला दुसरं हत्यार जास्त आवडतं, ई-व्ही-टेस्ट. मिंटमध्ये ते आधीपासून नसतं. टर्मिनलमध्ये सुडो, एपीटी, इन्स्टॉल, ई-व्ही-टेस्ट असे चार शब्द मध्ये जागा सोडून टाइप करा, पासवर्ड द्या. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर अक्षरं उमटत नाहीत, फार तर तारे दिसतात, घाबरू नका, आत्याने तीनदा 'की-बोर्ड बंद पडला' म्हणून फोन केला होता. मग सुडो ई-व्ही-टेस्ट चालवा. उपकरणांची यादी येईल. तिच्यात तुमचा की-बोर्ड दोनदा, कधी तीनदा दिसेल. ज्याच्या नावाच्या शेवटी 'कन्झ्युमर कंट्रोल' आहे तो क्रमांक निवडा, नाहीतर वरची रांग दाबून दाबून बोटं दुखतील आणि काहीच दिसणार नाही. थांबायचं असलं की कंट्रोल-सी.

आता वरच्या रांगेतलं एकेक बटण दाबा आणि कागदावर लिहून घ्या. वर मी आकडे सांगितले त्यात आणि इथे दिसणाऱ्या आकड्यांत आठाचा फरक असेल: प्ले इथे १६४, तिथे १७२. चूक नाही. एक्स हा लिनक्सचा जुना पडदा-व्यवस्थापक पहिल्यापासून प्रत्येक क्रमांकात आठ मिळवत आला आहे.

या आठाने एक गंमत केली आहे. एक्सला २५५ च्या वर मोजताच येत नाही. मायक्रोफोन बंद करायच्या बटणाचा लिनक्समधला क्रमांक २४८. आठ मिळवा, २५६. एकाने हुकलं! त्यामुळे ते बटण ई-व्ही-टेस्टमध्ये ठणठणीत दिसतं आणि डेस्कटॉपला मात्र त्याचा पत्ता नसतो. वेलँड हा नवा व्यवस्थापक वापरणाऱ्यांना ही अडचण येत नाही, पण मिंटचा सिनॅमन डेस्कटॉप सहसा एक्सवरच चालतो. उपाय खाली येतोच.

आत्याच्या की-बोर्डवर प्ले, मागे, पुढे, आवाजाची तिन्ही, पाकीट, घर, कॅल्क्युलेटर सगळी नीट ओळखली गेली. फक्त संगीताच्या खुणेचं बटण एक्स-ई-व्हीत 'टूल्स' या नावाने आलं. हा दोष की-बोर्डाचा नाही. बऱ्याच कंपन्या या बटणाला कन्झ्युमर तक्त्यातला जो क्रमांक देतात, त्याचा लिनक्सने 'सेटिंगची अवजारं' असा अर्थ लावला आहे. त्यामुळे त्यावर प्लेअर उघडत नाही. मला बरंच झालं. ज्याला कुणी मालक नाही असं एक बटण मिळालं.

मिंटमध्ये काम वाटून देणं

मेनूतून सिस्टिम सेटिंग्ज, त्यात कीबोर्ड, त्यात शॉर्टकट्स हा टॅब. डाव्या बाजूला गट दिसतील. 'साउंड अँड मीडिया' गटात प्ले, पॉज, स्टॉप, मागे, पुढे, आवाज सगळं आहे. 'लाँचर्स' गटात कॅल्क्युलेटर, ईमेल, ब्राउझर. प्रत्येक कामाखाली बटण बांधायच्या जागा असतात. त्यावर क्लिक केलं की ती जागा बटणाची वाट बघते, तेव्हा हवं ते बटण दाबायचं. नको असेल तर बॅकस्पेस दाबून रिकामी करायची, मन बदललं तर एस्केप.

प्ले-पॉज आत्याकडे आपोआप चालत होतं. ती ते वापरत नव्हती, कारण ते वरच्या रांगेत डाव्या टोकाला होतं आणि तिचा उजवा हात सवयीने बॅकस्पेसजवळ असतो. म्हणून 'प्ले'खालच्या रिकाम्या जागेत मी पॉज-ब्रेक हे बटण बांधलं. इतक्या वर्षांत त्या बटणाला नावाप्रमाणे काम करताना मी पहिल्यांदाच बघितलं.

पाच सेकंद मागे जाणं सेटिंगमध्ये नाही. ते आपण तयार करायचं. त्यासाठी प्लेअर-सीटीएल नावाचं छोटं साधन लागतं, वरच्यासारखंच एपीटीने बसवा. लिनक्सवरचे बहुतेक प्लेअर आपापसांत ठरलेल्या एका भाषेत हुकूम घेतात, तिचं नाव एमप्रिस. व्हीएलसीला ती येते, मिंटच्या सेल्युलॉइडला येते, ऱ्हिदमबॉक्सलाही येते. प्लेअर-सीटीएल त्याच भाषेत बोलतं. म्हणून प्लेअरची खिडकी मागे असो, खाली दडवलेली असो, हुकूम पोचतो.

आता शॉर्टकट्समध्ये 'कस्टम शॉर्टकट्स' गट, खाली 'ॲड कस्टम शॉर्टकट'. नावात काहीही लिहा, मी मराठीत 'पाच मागे' लिहिलं. कमांडच्या चौकटीत प्लेअर-सीटीएल, जागा सोडून पोझिशन, पुन्हा जागा सोडून पाचाचा आकडा आणि त्याला चिकटून उणे चिन्ह. उणे पाचाच्या पुढे नाही, मागे. पुढे लावलंत तर हुकूम लागू होत नाही, आणि ही चूक मी स्वतः केली आहे. आकडाही इंग्रजीच हवा, कमांडला देवनागरी पाच कळत नाही. 'ॲड' करून मग खालच्या जागेत संगीताचं बटण दाबा. झालं.

लावल्या लावल्या आत्याने एक जुनं यमन सुरू केलं, दोन ओळी ऐकल्या, टाइप करता करता करंगळीने संगीताचं बटण दाबलं. तीच जागा परत आली. तिने पुन्हा दाबलं, पुन्हा. मग म्हणाली, "पाच कमी पडतात रे. विलंबित आहे." बरोबर होतं तिचं. विलंबित एकतालाचं आवर्तन कुठलं पाच सेकंदांत मावायला? आकडा बदलून दहा केला. द्रुत बंदिशींसाठी पाच ठेवायचं म्हणून शिफ्ट धरून तेच बटण दाबलं की पाच, नुसतं दाबलं की दहा, अशी दोन कामं करून दिली. तुम्हीही आकडा आपल्या कामाने ठरवा. भाषणं उतरवून घेणाऱ्यांना तीन पुरतात.

दोन प्लेअर एकदम उघडे असले तर हुकूम भलत्याकडे जाऊ शकतो. कमांडमध्ये प्लेअर-सीटीएलनंतर जागा सोडून दोन आडव्या रेघा, त्यांना चिकटून प्लेअर, बरोबरचं चिन्ह, व्हीएलसी असं घातलं की तो फक्त व्हीएलसीशीच बोलतो.

सिस्टिम ओळखतच नसेल तर

हा भाग सगळ्यांना लागणार नाही. ई-व्ही-टेस्टमध्ये बटण 'अननोन' म्हणून आलं, किंवा वर सांगितलेली २४८ ची भानगड असली, तरच इकडे या.

सोपी वाट म्हणजे इनपुट-रीमॅपर. मिंट ज्या उबंटूवर बेतलेलं आहे, त्याच्या भांडारातून मिंटमध्ये बसतं. उघडून आपला की-बोर्ड निवडा, नवा प्रीसेट करा, 'रेकॉर्ड' दाबून ते बटण दाबा, समोर त्याच्या बदल्यात काय जायला हवं ते निवडा, 'अप्लाय'. आणि 'ऑटोलोड' चालू करायला विसरू नका, नाहीतर कॉम्प्युटर बंद केला की मेहनत पाण्यात. याचा मोठा गुण असा की ते उपकरण ओळखून काम करतं. काही शे रुपयांचा नुसता आकड्यांचा छोटा यूएसबी पॅड आणून त्याच्या सगळ्या बटणांना प्लेअरची कामं द्या, मुख्य की-बोर्डावरचे आकडे आकडेच राहतात.

पक्की वाट म्हणजे एचडब्ल्यूडीबी, सिस्टिमची उपकरणांच्या नोंदींची वही. कुठलाही जादा प्रोग्राम मागे चालू राहत नाही, म्हणून मला हीच आवडते. ईटीसी फोल्डरमध्ये युडेव्ह, त्यात एचडब्ल्यूडीबी डॉट डी. तिथे ९० ने सुरू होणारी आणि डॉट एचडब्ल्यूडीबीने संपणारी फाइल करायची. पहिल्या ओळीत की-बोर्डाची ओळख: ई-व्ही-डेव्ह, विसर्ग-चिन्ह, इनपुट, विसर्ग-चिन्ह, मग जागा न सोडता बी आणि ०००३ म्हणजे यूएसबी, मग व्ही आणि कंपनीचा चार आकडी क्रमांक, पी आणि वस्तूचा चार आकडी क्रमांक, शेवटी तारा. हे दोन क्रमांक एल-एस-यूएसबी या कमांडने मिळतात. तिथे त्यांतली अक्षरं छोटी दिसतात, इथे मोठी लिहायची. दुसरी ओळ एक जागा सोडून सुरू झालीच पाहिजे, ही रिकामी जागा राहिली नाही तर ती नोंद वाया जाते. त्या ओळीत मोठ्या अक्षरांत कीबोर्ड, खालची रेघ, की, खालची रेघ, त्याला चिकटून ई-व्ही-टेस्टने 'स्कॅन' शब्दापुढे दाखवलेली किंमत, मग बरोबरचं चिन्ह आणि नवं काम छोट्या अक्षरांत. प्ले हवं तर प्लेपॉज. मायक्रोफोनच्या बटणासाठी एफ-२०, कारण एक्सच्या नेहमीच्या मांडणीत एफ-२० म्हणजे माइक बंद, आणि एफ-२० चा क्रमांक २५५ च्या आत आहे. कुणी हा जुगाड पहिल्यांदा शोधला त्याला पोहे-जलेबी माझ्याकडून.

फाइल जपून ठेवली की सुडो सिस्टिम-डी आडवी रेघ एचडब्ल्यूडीबी, अपडेट. मग सुडो युडेव्ह-ॲडम, ट्रिगर. की-बोर्ड काढून परत लावा.

विंडोजवर

विंडोजवर बटण ओळखायची चिंता कमी आणि वाटून देण्याची सोयही बरी आहे, त्यासाठी मायक्रोसॉफ्टचंच फुकट मिळणारं पॉवरटॉईज घ्या, स्टोअरमध्ये मिळतं. त्यात कीबोर्ड मॅनेजर चालू करा, 'रीमॅप अ की' उघडा, डावीकडे दाबायचं बटण, उजवीकडे व्हायचं काम. उजवीकडच्या यादीत प्ले-पॉज, पुढचं, मागचं, आवाज सगळं आहे. स्क्रोल लॉकला प्ले दिलंत तर 'हे बटण आता कुणालाच दिलेलं नाही' अशा अर्थाची सूचना येईल. तिचा अर्थ एवढाच की खरा स्क्रोल लॉक आता राहिला नाही. आयुष्यात किती वेळा लागलाय? 'कंटिन्यू एनीवे'.

पाच सेकंद मागे जायला इथे दोन पायऱ्या. व्हीएलसीत टूल्स, प्रेफरन्सेस, हॉटकीज. 'व्हेरी शॉर्ट बॅकवर्ड्स जंप' या ओळीत दोन रकाने आहेत, त्यांतल्या 'ग्लोबल' रकान्यात दोनदा क्लिक करून कंट्रोल-शिफ्ट-एफ ९ दाबा. ग्लोबल म्हणजे व्हीएलसी मागे असला तरी ऐकणार. ही उडी मुळात तीन सेकंदांची असते, जास्त हवी तर त्याच्या सगळ्या सेटिंग्ज दाखवणाऱ्या पानावर बदलता येते. मग पॉवरटॉईजमध्ये पाकिटाच्या बटणाला, ते यादीत 'लाँच मेल' नावाने दिसतं, कंट्रोल-शिफ्ट-एफ ९ हे काम द्या. इथे मी आधी कंट्रोल-ऑल्ट-डावा बाण निवडला होता. जुन्या इंटेल ग्राफिक्सवर त्या तिकडीने पडदा आडवा होतो, हे ठाऊक असूनही. मान वाकडी करून परत सरळ केला.

पॉवरटॉईजच्या मर्यादा माहीत असू द्या. ते चालू असेपर्यंतच बटणं बदललेली, लॉगिनच्या पडद्यावर नाही. आणि त्याला दोन की-बोर्डांतला फरक कळत नाही, एकावर बदललंत की दुसऱ्यावरही बदललं.

कॅल्क्युलेटरच्या बटणावर दुसराच प्रोग्राम उघडायचा असेल तर रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या भांडारातून, करता येतं. लोकल मशीनखाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, एक्सप्लोरर, ॲपकी. त्यात १८ नावाचं खातं म्हणजे कॅल्क्युलेटर, १५ म्हणजे पाकीट. आत शेल-एक्झिक्यूट नावाच्या किमतीत प्रोग्रामचा पूर्ण पत्ता लिहायचा. आधी ते खातं 'एक्सपोर्ट' करून ठेवा. रजिस्ट्रीत आधी एक्सपोर्ट न करता हात घालणाऱ्याला मी मदत करत नाही, घरच्यांनासुद्धा नाही.

तिसरा थांबा: ब्राउझर मध्येच बटण पळवतो

सगळं नीट लावलंय आणि प्ले दाबल्यावर गाण्याऐवजी ब्राउझरमधला व्हिडिओ सुरू होतो, अशी तक्रार मला सगळ्यांत जास्त येते. क्रोम २०१९ पासून आणि फायरफॉक्स २०२० पासून ही बटणं स्वतः ऐकतात, त्यामुळे उघड्या टॅबमध्ये कधीकाळी थांबवलेला व्हिडिओ हक्क सांगतो. क्रोमच्या पत्त्याच्या जागी क्रोम, विसर्ग-चिन्ह, दोन तिरप्या रेघा, फ्लॅग्ज टाइप करून 'हार्डवेअर मीडिया की हँडलिंग' शोधा, ते 'डिसेबल्ड' करा आणि ब्राउझर बंद करून उघडा. फायरफॉक्समध्ये अबाउट, विसर्ग-चिन्ह, कॉन्फिग. तिथे मीडिया डॉट हार्डवेअरमीडियाकीज डॉट एनेबल्ड हे 'फॉल्स' करा. ब्राउझरमध्येच गाणी ऐकणाऱ्यांनी अर्थातच हे करू नये.

झोपेचं बटण

काही की-बोर्डांवर वरच्या रांगेत चंद्रकोरही असते. आत्याच्या जुन्या की-बोर्डावर ती होती आणि आत्या धूळ पुसायला कॉम्प्युटर चालू ठेवूनच फडकं फिरवायची. न जपलेलं एक पान त्यात गेलं. विंडोजवर कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'पॉवर बटणाने काय व्हावं' तिथेच स्लीप बटणाचंही असतं, ते 'डू नथिंग' करा. लिनक्सवर ईटीसीतल्या सिस्टिम-डी फोल्डरात लॉगइन-डी डॉट कॉन्फ या फाइलमध्ये हँडल-सस्पेंड-कीपुढे 'इग्नोर' लिहा आणि त्या ओळीच्या सुरुवातीची जाळीची खूण काढा. तरीही डेस्कटॉप ऐकत नसेल, तर शॉर्टकट्समध्ये 'सस्पेंड'ची जागा रिकामी करा.

मशीन बदललं तर

मिंटमधले सगळे शॉर्टकट एका फाइलमध्ये उतरवून घेता येतात: डी-कॉन्फ, डम्प, मग तिरप्या रेघांनी जोडलेलं ऑर्ग, सिनॅमन, डेस्कटॉप, कीबाइंडिंग्ज, सुरुवातीला आणि शेवटीही तिरपी रेघ, मग मोठेपणाचं चिन्ह आणि फाइलचं नाव. परत भरताना डम्पच्या जागी लोड आणि चिन्ह उलटं. विंडोजवाल्यांना पॉवरटॉईजच्या जनरल पानावर 'बॅकअप' मिळेल. एचडब्ल्यूडीबीची फाइल वेगळी जपा, ती यात येत नाही.

आत्याने यातलं काहीच केलं नाही. तिने कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बटणांची रांग काढली, प्रत्येकाखाली काम लिहिलं आणि तो कागद मॉनिटरखाली चिकटवला. पाकिटाखाली 'याला हात लावू नये' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत.